विजयकरांचा गोमेद

कमलाकांत विजयकर दूधवाल्याशी कधी भांडले नाहीत. भांडायला समोरच्या माणसाकडून थोडीफार अपेक्षा असावी लागते, आणि तशी ती त्यांना कोणाकडूनच नव्हती. ते दुधात काचेची नळी सोडत, आकडा वाचत आणि भैयाकडे नुसते बघत. तो बिचारा दुसऱ्या दिवशी आपण होऊन पावशेर जास्त घालून जाई, तर यांना त्या पावशेराचाही संशय. एवढं जास्त का घातलं? काहीतरी असलं पाहिजे.

ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. विजयकरांकडे केशर न्यावं तर ते ओल्या फडक्यावर घासलं जाणार, आंब्याची पेटी न्यावी तर आधी तळातले आंबे वर येणार. एकदा कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका आली, तर यांनी पंचांग काढून मुहूर्त ताडून पाहिला आणि आठ मिनिटांचा फरक आहे म्हणून यजमानांना कळवलं. यजमान पुढे कितीतरी महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. कमलाकांतरावांना त्यातही नवल वाटलं नाही.

घराणं पाठारे प्रभूंचं, जुनं. आजोबांच्या गिरगावात दोन वाड्या होत्या, वडिलांच्या वाट्याला कारकुनी आली आणि कमलाकांतरावांच्या वाट्याला तीन खोल्या आणि झवेरी बाजारातल्या एका जवाहिऱ्याच्या पेढीवरची नोकरी. काम खडे निवडण्याचं. समोर पांढऱ्या कागदावर मूठभर माणकं, नीलम, पुखराज ओतलेले असायचे आणि हे डोळ्याला भिंग लावून एकेक खडा चिमट्याने उचलायचे. पेढीच्या म्हाताऱ्या शेठने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं, की खडा समोर आला की तो खोटा धरायचा, आणि खरा आहे हे त्याने स्वतः दाखवून देईपर्यंत खोटाच धरून ठेवायचा. सत्तावीस वर्षं त्यांनी तसंच केलं. हळूहळू खड्यांची ही रीत माणसांनाही लागू झाली, आणि ती केव्हा लागू झाली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

एक वस्तू मात्र त्यांनी कधी भिंगाखाली धरली नाही. ती म्हणजे आईची गोमेदाची अंगठी.

गोमेद म्हणजे राहूचा खडा. मधासारखा, किंचित तांबूस. ही अंगठी कुशाबा सोनारांनी घडवली होती. खडाही त्यांनीच सिलोनच्या एका व्यापाऱ्याकडून मिळवून दिला होता. कुशाबांचा गाळा शेजारच्याच वाडीत होता, आणि विजयकरांच्या तीन पिढ्यांचं सोनं त्याच हातांखालून गेलेलं. आई म्हणायची, कुशाबांच्या हातचं आहे, बघायला नको. ती गेली तेव्हा अंगठी तिच्या बोटातून काढून कमलाकांतरावांनी डबीत ठेवली आणि डबी कपाटात. कोंदण जुन्या पद्धतीचं, खालून बंद, आत चांदीचा वर्ख. वरून खडा चमके छान, पण त्याच्या पोटात काय आहे ते दिसायला जागाच नव्हती. आणि दिसलं असतं तरी आईच्या बोटातला खडा कोणी तपासतं का?

छप्पन सालच्या जानेवारीत ती डबी बाहेर निघाली. मुलीचं, उर्मिलाचं, लग्न माघात ठरलं होतं. गुरुजींनी पत्रिकेत राहू पाहिला आणि सांगितलं, आजीचा गोमेद मुलीच्या मधल्या बोटात घाला, पण कोंदण खालून मोकळं हवं, खडा कातडीला लागला पाहिजे. म्हणजे खडा उसवून नव्याने बसवणं आलं. कुशाबांना जाऊन दहा वर्षं झाली होती. गाळ्यात आता त्यांचा मुलगा सीतारामशेट बसत. पन्नाशीचा, कमी बोलणारा, मान खाली घालून काम करणारा माणूस.

आपल्याकडे सोनाराला जुना दागिना मोडायला दिला की घरातलं एक माणूस त्याच्या समोर बसतं. मूस तापते, सोनं वितळतं, खडा निघतो, पुन्हा बसतो, तोवर तिथून हलायचं नाही. यात सोनाराचा अपमान नसतो. सोनारच पाट पुढे सरकवतो आणि चहा सांगतो. कोणी बसलं नाही तर उलट त्यालाच चुकल्यासारखं होतं, कारण समोर माणूस असलं की त्याच्याही हातांना साक्षीदार असतो.

कमलाकांतराव स्वतः बसणार होते. पण नेमका त्याच दिवशी पेढीवर बर्माच्या माणकांच्या पुड्या उघडायच्या होत्या, आणि ते नसताना शेठ पुडीला हात लावत नसे. आदल्या संध्याकाळी रेडिओवर घोषणा झाली होती, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहील. रात्रभर वाडीत कोणी धड झोपलं नव्हतं.

“हरताळ आहे म्हणतात. आज नको,” त्यांची बायको राजलक्ष्मी म्हणाली.

“गाळा आतल्या अंगाला आहे. रस्त्याचा काय संबंध? आजचा मुहूर्त टळला तर पंधरा दिवस थांबावं लागेल. तू बस. आणि हे बघ, खडा कोंदणातून निघाला की त्याच्यावरून नजर काढायची नाही.”

राजलक्ष्मी बसली. सीतारामशेटांनी कोंदणाच्या कडा उचलल्या, खडा काढून पितळी वाटीत ठेवला आणि नवं कोंदण घडवायला घेतलं. अकराच्या सुमाराला रस्त्यावर गर्जना सुरू झाल्या. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ एवढंच नीट ऐकू येत होतं, पुढचं आरोळ्यांत बुडत होतं. मग पळापळ झाली. अश्रुधुराचा लोट बोळातून थेट वाडीत शिरला. सीतारामशेटांनी धावत जाऊन गाळ्याच्या फळ्या लावल्या. त्यांची बायको शेवंती आतून आली आणि राजलक्ष्मीला दंडाला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. राजलक्ष्मीचे डोळे भाजत होते, काही दिसत नव्हतं. शेवंतीने ओलं फडकं तिच्या तोंडावर धरलं आणि तेवढ्यात बाहेर गोळ्या वाजल्या. दोघी भिंतीला टेकून एकमेकींचे हात धरून बसून राहिल्या.

सगळं शमल्यावर राजलक्ष्मी बाहेर आली तेव्हा वाटी जागेवर होती, खडा वाटीत होता आणि सीतारामशेट लाल डोळ्यांनी फळीच्या फटीतून बाहेर बघत होते. त्यांनी हात धुतले, समोर बसले आणि तिच्यादेखत खडा बसवून दिला. नंतर स्वतः मागच्या बोळांनी तिला घरापर्यंत सोडायला आले.

कमलाकांतराव गल्ल्यागल्ल्यांतून चालत घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. बायको सुखरूप आहे हे पाहून त्यांना खरंच हायसं वाटलं. हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला फारसं काही नाही. अंगठी त्यांनी हातात घेतली. कोंदण आता खालून मोकळं होतं. दिव्यापाशी गेले, खिशातलं भिंग काढलं. संशय म्हणून नव्हे. सवयच होती ती, कोणी चष्मा पुसतं तशी.

गोमेदाच्या पोटात एक गढूळ लहर असते, पाण्यात साखरेचा पाक ओतावा तशी. ती इथे नव्हती. खडा आतून लख्ख होता. त्यांनी तो जरा कलता केला. मागच्या पैलूंच्या कडा एकीच्या दोन दिसत होत्या.

त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. प्रत्येक कड दोन. अशी जोडरेघ गोमेदात कधी येत नाही. प्रकाश गोमेदातून एकाच वाटेने जातो. काही खडे मात्र त्याच्या दोन वाटा करतात, आणि मग पलीकडची एक रेघ दोन होऊन दिसते. हे पेढीवरचा सहा महिन्यांचा उमेदवारही सांगेल. हा गोमेद नव्हता.

“किती वेळ तू आत होतीस?” त्यांनी विचारलं.

“घड्याळ घेऊन नव्हते गेले मी. बाहेर गोळ्या चालल्या होत्या.”

“तरी साधारण?”

“दहा मिनिटं. पंधरा असतील.”

“आणि खडा?”

“वाटीत.”

“वाटी कुठे होती?”

“अहो, समोर!”

“तुझ्यासमोर नव्हती. तू आत होतीस.”

राजलक्ष्मीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती उठून आत गेली. हेच प्रश्न त्यांनी रात्री पुन्हा विचारले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. शेवंतीने दंडाला धरलं ते आधी की फळ्या लागल्या त्या आधी? आतून गाळा दिसत होता का? पडदा होता? कोणत्या रंगाचा?

कर्फ्यूमुळे पेढी बंद होती, म्हणून खडा त्यांनी घरीच उसवला आणि तोलला. आधी नुसता, मग केसात अडकवून पाण्याच्या पेल्यात बुडवून. पाण्यात वजन जितकं घटतं त्याने मूळ वजनाला भागलं की खडा पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं, आणि प्रत्येक जातीचा हा आकडा ठरलेला असतो. कोरडा सव्वाचार कॅरटच्या वर दहा सेंट, म्हणजे चार पस्तीस, पाण्यात तीन दहा. भागाकार आला तीन अठ्ठेचाळीस. गोमेद तीन पासष्टचा असतो. कडा दोन दाखवणारा तपकिरी जर्कन चारच्या वर जातो. राहिला पेरिदोत, तो एरवी हिरवा, पण कधीकधी तपकिरी असतो आणि त्यात कडाही दोन दिसतात. पण पेरिदोत तीन चौतीसचा. आकडा तिथेही बसत नव्हता.

इथे त्यांनी थांबायला हवं होतं. दुधातल्या पावशेरासाठी थांबणारा माणूस! पण त्यांच्या मनातली गोष्ट एव्हाना पुरी झाली होती. सीतारामशेटांनी धुराचा फायदा घेतला आणि स्वस्तातला पेरिदोत वाटीत टाकला. राहिलेल्या आकड्याचं काय? केसाला पाण्याचा बुडबुडा चिकटला असेल. त्यांनी पुडीवर ‘३.४८’ लिहिलं, पुडी मिटली आणि पुन्हा तोललं नाही.

कर्फ्यू उठल्यावर ते गाळ्यात गेले. खडा आणि भिंग सीतारामशेटांपुढे ठेवलं. सीतारामशेटांनी बराच वेळ पाहिलं. खडा फिरवला, उजेडाकडे धरला, पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा उतरत गेलेला कमलाकांतरावांना स्पष्ट दिसला.

“खडा तोच आहे,” अखेर ते म्हणाले.

“हा गोमेद नाही, हे तरी दिसतंय ना शेट?”

सीतारामशेटांनी खडा हळूच खाली ठेवला.

“माझ्या आईच्या अंगठीत गोमेद होता. तुमच्या वडिलांनी स्वतः बसवलेला. त्यांच्या हातचं काम, तिथे संशयाला जागा नाही. मग हा कुठून आला?”

“माझ्या हातून काही झालं नाही, कमलाकांतराव.”

“मग कोणाच्या हातून झालं?”

यावर ते गप्प बसले, आणि हे गप्प बसणं मोठं विचित्र होतं. बोलावंसं वाटतंय आणि बोलत नाहीत, असं. शेवटी त्यांनी भिंग परत केलं आणि खाली बघत म्हणाले, “जे काय झालं ते मी भरून देतो. तुम्ही सांगाल तो गोमेद आणून देतो. विषय इथेच मिटवा.”

ज्याने चोरी केली नाही तो भरून कशाला देईल? कमलाकांतरावांच्या दृष्टीने हा कबुलीजबाबच झाला. त्यांनी गोमेद घेतला नाही. पोलिसांत गेले नाहीत, कारण पुरावा नव्हता आणि पोलिसांवर तर त्या दिवसांत गिरगावात कोणीच विश्वास ठेवत नव्हतं. त्यांनी आरडाओरडाही केला नाही. चुलतभावाला तेवढं सांगितलं, “सीतारामशेटांकडे काम द्याल तर समोरून हलू नका, एवढंच म्हणतो.” बाकी काही नाही.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर वाडीने मनावर घेतलं नसतं. पण हे खड्यांतलं माणूस. एवढंच ते म्हणाले, आणि तेवढ्यावर पुढच्या दिवाळीपर्यंत गाळ्यात काम येईनासं झालं. बायका मंगळसूत्र ओवायलासुद्धा भुलेश्वरला जाऊ लागल्या. सत्तावन्न सालच्या निवडणुकीच्या धामधुमीत कधीतरी सीतारामशेटांनी गाळा सोडला. घोडपदेवला मेव्हण्याच्या खोलीशेजारी खोली घेतली आणि एका कारखान्यात पितळेच्या नळांना पॉलिश करायला लागले, असं कळलं. कुशाबांच्या गाळ्यात छत्र्या दुरुस्त करणारा आला.

उर्मिलाचं लग्न दुसरा गोमेद घालून झालं. घरात मात्र एक नवीनच गोष्ट सुरू झाली. राजलक्ष्मी बाहेर जाऊन आली की दारातूनच सांगे, “दहा वाजून वीस मिनिटांनी भाजीला गेले. अकराला पाच कमी असताना आले. मध्ये शेजारच्या सुमतीकडे सात मिनिटं बसले.” आवाज अगदी साधा. कमलाकांतरावांना वाटलं, चला, बायकोला शिस्त लागली. ती त्यांना काय सुनावतेय हे कळायला त्यांना दीड वर्ष लागलं, आणि कळल्यावरही ती थांबली नाही.

“तुला असं वाटतं का, मी तुझ्यावर संशय घेतला?” त्यांनी एकदा विचारलं.

“छे. तुम्ही फक्त पडद्याचा रंग विचारलात.”

साठ सालच्या एप्रिलात पेढीवर एक परदेशी म्हातारा आला. स्वित्झर्लंडचा. दागिन्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं, त्याला नुसते खडे जमवायचा नाद होता. त्याने माणकं पाहिली नाहीत, पाचूंकडे मान वळवली नाही. त्याला तपकिरी माल बघायचा होता; गोमेद, पेरिदोत, जे काय तपकिरी असेल ते, तेही सिलोनचं.

“विजयकर, साहेबला सगला ब्राउन माल दाखव,” धाकटे शेठ म्हणाले.

आता माणकं सोडून कोणी सगळ्यात स्वस्त पुडीवर झडप घालतो तेव्हा काहीतरी असलंच पाहिजे. कमलाकांतरावांनी पुडीतले खडे त्याच्या डोळ्यांदेखत मोजले, एकशे बारा, आणि त्याच्या दोन्ही हातांवर नजर ठेवून बसले. म्हातारा एकेक खडा भिंगाखाली धरून बाजूला टाकत होता. सत्तर-ऐंशी खडे झाले. मग एक त्याने धरून ठेवला. कलता केला. फिरवला. खड्यातून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या पेढीवरच्या यंत्रावर ठेवून आकडा वाचला आणि हसला. मग अगदी सहज विचारतोय असं दाखवून किंमत विचारली.

“शेठ, थांबा,” कमलाकांतराव म्हणाले आणि त्यांनी तो खडा उचलला. मागच्या कडा एकीच्या दोन दिसत होत्या. पोट लख्ख. एका बाजूने फिकट तपकिरी, फिरवला की हिरवट, आणखी फिरवला की गडद.

“साहेब, हा काय आहे ते सांगितल्याशिवाय हा विकला जाणार नाही.”

म्हातारा प्रामाणिक होता की पकडला गेल्यावर प्रामाणिक झाला, कोण जाणे. त्याने सांगितलं. हा पेरिदोत नाही आणि गोमेदही नाही. सिलोनच्या नदीतल्या वाळूत हा पूर्वीपासून सापडतो आणि लोक त्याला तपकिरी पेरिदोत म्हणून, नाहीतर हाती येईल त्या नावाने विकत आले. आठ वर्षांपूर्वी लंडनच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरण टाकून पाहिलं तेव्हा कळलं, ही जातच निराळी आहे. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि बोरॉन. बेटाच्या जुन्या नावावरून त्याला सिंहलाइट नाव दिलं. माझ्यासारखे वेडे त्याच्यासाठी जगभर जुन्या पुड्या उकरत फिरतात.

“ओळखायचा कसा?” कमलाकांतरावांनी विचारलं.

“कडा दुहेरी, त्या तुम्ही पाहिल्यातच. यंत्रावर दोन रेघा, एक पूर्णांक सदुसष्ट आणि एकाहत्तरच्या आसपास. आणि पाण्यात तोला. पेरिदोतापेक्षा जड भरतो. तीन पूर्णांक अठ्ठेचाळीस.”

त्या दिवशी एकशे बारातले खडे किती परत आले, हे कमलाकांतरावांनी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी आईचा खडा त्यांनी पेढीवर नेला आणि यंत्रावर ठेवला. दोन रेघा, सांगितल्या तिथेच. तीनदा तोलला. तिन्ही वेळा तेच. पुडीवर चार वर्षांपूर्वीचं त्यांचंच अक्षर होतं. बुडबुडा कधी नव्हताच. कोणी काही बदललं नव्हतं. आईच्या बोटात जन्मभर हाच खडा होता.

घरी येऊन त्यांनी राजलक्ष्मीला सगळं सांगितलं. सांगताना मध्येच थांबले. “मी तुला जे काय...” ते म्हणाले.

“माझं राहू द्या,” ती म्हणाली. “माझं मी बघून घेईन. आधी त्यांच्याकडे चला.”

एप्रिलचा शेवटचा दिवस होता, शनिवार. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्य होणार म्हणून घोडपदेवच्या चाळींत माणसं शिड्या लावून पताका बांधत होती, कोणीतरी गॅलरीत पणत्या धुऊन वाळत घातल्या होत्या. सीतारामशेट नुकतेच कारखान्यातून आले होते. गंजिफ्रॉक घातलेला, बोटं पॉलिशने काळी. दारात या दोघांना बघून ते उभे राहिले, पण ‘या’ म्हणाले नाहीत. म्हणाली ती शेवंती. तिने राजलक्ष्मीचा हात धरला आणि चटई टाकली.

कमलाकांतराव बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. आपण चुकलो, खडा बदललेला नव्हता, तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मग जातीचं नाव, लंडन, क्ष-किरण, अठ्ठेचाळीस. त्यात बोरॉन असतं, तुम्ही सोनं जोडायला वापरता त्या टाकणखारात असतं तेच, असंही सांगितलं. घाबरलेलं माणूस बोलतं तसं ते नको तेवढं बोलत होते. “उद्या सगळ्या वाडीला गोळा करून सांगतो. प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगतो. तुम्ही म्हणाल तसं सांगतो, शेट.”

सीतारामशेटांच्या कानापर्यंत यातलं किती पोचलं, देव जाणे. ते एकाच जागी अडकले होते.

“म्हणजे हा बाबांनीच बसवलेला?”

“हो. तुम्ही तेव्हा म्हणालात तेच खरं होतं. खडा तोच.”

“तो तोच हे मला ठाऊकच होतं. मीच काढला, मीच बसवला, मला नाही कळणार? मी विचारतोय, बाबांनी तुमच्या आईंना फसवलं नव्हतं?”

“फसवलं? कुशाबांनी?” कमलाकांतरावांनी विचारलं.

“तुम्ही भिंग दिलंत आणि मी पाहिलं, गोमेद नाही,” सीतारामशेट म्हणाले. “मी बदलला नाही. मग राहिलं कोण? तुम्ही तिथे बसून म्हणत होता, कुशाबांच्या हातचं काम, संशयाला जागा नाही. मी काय बोलणार होतो? म्हटलं, नाव जायचं तर माझं जाऊ दे. गेलेल्या माणसाचं कशाला.”

“त्यांनी फसवलं नाही,” कमलाकांतराव कसेबसे म्हणाले. “त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.”

सीतारामशेट आत गेले. पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज झाला. जुन्या धोतरात गुंडाळलेली एक तसबीर घेऊन ते बाहेर आले, आणि काळी बोटं काचेला लागू नयेत म्हणून त्यांनी ती मनगटांवर तोलून धरली होती. पागोटं घातलेले कुशाबा. शेवंतीने तोंडाला पदर लावला.

“तुम्ही गाळ्यातून गेलात त्याच दिवशी उतरवली मी,” ते म्हणाले. “ही म्हणत होती, असं करू नका. मी ऐकलं नाही. चार पितृपक्ष झाले, कमलाकांतराव. सगळ्यांची पानं वाढली. आज्याचं वाढलं, आईचं वाढलं, चुलत्याचंसुद्धा. याचं नाही वाढलं. चोराला कशाला, म्हटलं.”

ते खाली बसले, तसबीर मांडीवर घेऊन.

“चार वर्षं मी माझ्या बापाला उपाशी ठेवला.”

राजलक्ष्मी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि रडू लागली. कमलाकांतराव दारातच उभे होते. वाडीला काय सांगायचं हे त्यांनी ठाकूरद्वारपासून घोकून आणलं होतं, पण ते राहिलं बाजूला, आणि ते आत येऊन तसबिरीसमोर चटईवर बसले.